हाताला ओळखीची खूण

आषाढाचे दिवस होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीवर पहाटेपासून पावसाची संततधार लागली होती. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या मुलखात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सावित्री नदी या दिवसांत दोन्ही थड्या भरून वाहते. पुराचे पाणी काय करू शकते हे येथील माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरील सावित्रीचा जुना दगडी पूल कोसळला आणि त्याबरोबर प्रवाशांनी भरलेल्या गाड्या वाहून गेल्या, ते दुःख अजून कोणी विसरलेले नाही. म्हणून पावसाळ्यात प्रवासाला निघणारा महाडकर नदीचे पाणी, घाटातील दरड आणि रस्त्यावरील निसरडे हे सारे मनाशी तोलूनच घराबाहेर पाऊल टाकतो.

वसाहतीतील एका रसायन कारखान्यात यंत्रचालकाचे काम करणारे एक गृहस्थ त्या दिवशी असेच सारे तोलून निघाले होते. साप्ताहिक सुटीचा दिवस होता. नवी मोटार घेऊन त्यांना जेमतेम आठ दिवस झाले होते. आईला प्रतापगडावरील भवानीचे दर्शन घडवावे, अशी त्यांची पुष्कळ दिवसांची इच्छा होती. पुढे त्यांच्या शेजारी पत्नी, मागे आई आणि सातवीत शिकणारी कन्या, अशी मंडळी गाडीत बसली. चाके तपासली होती, दिवे तपासले होते, वायपरची रबरे नवी होती. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

त्यांची जुनी मोटार साधी होती. तिच्या पुढील फळीवर तीन गोल खुंट्या होत्या. एक वाऱ्याच्या वेगाची, दुसरी थंड-गरम करण्याची आणि तिसरी वारा पायांवर सोडावा की काचेवर, हे ठरविणारी. दहा वर्षांच्या वापराने या तीन खुंट्या त्यांच्या डाव्या हाताच्या अंगवळणी पडल्या होत्या. नव्या मोटारीत त्या खुंट्या नव्हत्या. त्यांच्या जागी शाळेतील पाटीएवढी एक चकचकीत काच होती. नकाशा, गाणी, दूरध्वनी आणि एसी, सर्व काही त्या एका काचेत सामावले होते. विक्रेत्याने ती काच मोठ्या कौतुकाने दाखविली होती आणि घरच्या मंडळींनीही तिचे कौतुक केले होते.

गाडी वसाहतीच्या रस्त्याला लागली तेव्हा कोठूनसा रसायनाचा उग्र दर्प आत आला.

“अहो, बाहेरची हवा बंद करा. आईंना खोकला येतोय,” पत्नी म्हणाली.

गृहस्थांनी गाडी बाजूला उभी केली, काचेवर चार ठिकाणी बोट लावले आणि बाहेरची हवा आत येण्याची वाट बंद केली. आता आतलीच हवा आतल्या आत फिरू लागली. दर्प थांबला आणि गाडी महामार्गाला लागली. पोलादपूरला आजी फुले व नारळ घेण्यासाठी उतरल्या आणि ओल्या लुगड्यानिशी, ओली छत्री घेऊन परत बसल्या. बाहेरच्या हवेची वाट बंदच आहे, हे कोणाच्याही लक्षात राहिले नाही.

पोलादपूर मागे टाकून गाडी आंबेनळी घाट चढू लागली. एका बाजूला पाण्याचे लोट टाकणारा कडा, दुसऱ्या बाजूला ढगांनी भरलेली दरी आणि मध्ये नागमोडी वळणे घेत वर जाणारा रस्ता. पाऊस वाढला. पाहता पाहता समोरच्या काचेवर दुधासारखी साय धरू लागली. प्रथम कडा अंधूक झाल्या, मग मध्य आणि थोड्याच वेळात रस्त्याचा कठडाही नीट दिसेना.

पत्नीने फडक्याने काच पुसली. क्षणभर दिसले आणि पुन्हा साय आली. गृहस्थांचा डावा हात सवयीने जुन्या खुंटीच्या जागी गेला. तेथे गुळगुळीत काचेखेरीज काही नव्हते. त्यांनी खाली पाहिले. पडद्यावर नकाशा होता. एका चित्रावर बोट ठेवले, तर गाण्यांची यादी उघडली. ती मिटविली. पंख्याचे चित्र सापडले. त्याला स्पर्श करताच नवे पान उघडले. त्या पानावर लहान लहान चौकोन होते. गाडी एका खड्ड्यात आदळली आणि बोट शेजारच्या चौकोनावर पडले. वारा काचेकडे वळण्याऐवजी पायांकडे वळला.

“बाबा, समोर!” मागून कन्या ओरडली.

वळणावरून एसटीची गाडी कर्णा वाजवीत खाली येत होती. गृहस्थांनी ब्रेक दाबला, गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. एसटी हातभर अंतरावरून निघून गेली. पुढे रस्ता जरा रुंद होता. तेथे त्यांनी गाडी थांबविली, चारही दिवे लुकलुकत ठेवले आणि काही वेळ ते चाकावर हात ठेवून नुसतेच बसून राहिले.

“अरे, दिसत नव्हतं तर आधीच थांबायचं,” आजी हळूच म्हणाल्या.

“खरं आहे, आई. चूक झाली,” ते म्हणाले.

कन्येने काचेवर बोटाने एक रेघ ओढली. तिचे बोट ओले झाले. “बाबा, पाऊस तर बाहेर आहे. मग काच आतून कशी भिजली?” तिने विचारले.

कारखान्यात वाफ थंड करून तिचे पाणी करण्याचे यंत्र सांभाळणे, हे त्या गृहस्थांचे रोजचेच काम होते. त्यामुळे उत्तर त्यांना शोधावे लागले नाही. “गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच हे,” ते म्हणाले. “हवेत डोळ्यांना न दिसणारी वाफ असते. गरम हवा पुष्कळ वाफ सामावून घेते, थंड हवा थोडी. बाहेरच्या पावसानं ही काच गार झाली आहे. आपण चौघं श्वास सोडतो आहोत, त्यात आजीचं लुगडं ओलं, छत्री ओली. ती सगळी वाफ या बंद गाडीत कोंडली गेली. गार काचेला लागली की तिचं पाणी होतं.”

“मग वसाहतीत आपण बाहेरची हवा बंद केली, ती उघडलीच नाही!” कन्या म्हणाली.

गृहस्थांनी मान डोलावली. गाडी उभी असल्यामुळे आता त्यांना पडद्याकडे निवांतपणे पाहता आले. त्यांनी बाहेरच्या हवेची वाट उघडली, एसी चालू ठेवला, वारा उबदार केला आणि त्याचा रोख समोरच्या काचेकडे वळविला. दोन-तीन मिनिटांत खालच्या कडेपासून काच निवळू लागली.

एसी आणि ऊब या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकत्र का वापरावयाच्या, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. एसीच्या आत थंड नळ्यांचे एक जाळे असते. हवा त्यावरून जाताना तिच्यातील वाफेचे पाणी होते आणि ते नळीवाटे गाडीखाली ठिबकते. अशा रीतीने हवा कोरडी होते. मग तीच हवा इंजिनाच्या गरम पाण्यावर तापविलेल्या दुसऱ्या जाळ्यातून नेली, की ती कोरडी आणि उबदार, अशी दोन्ही होते. अशी हवा काचेवरील दव झपाट्याने टिपून घेते. वस्तुतः हवेतील ओलावा आवरणे हेच वातानुकूलनाचे मूळ काम होय. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिले आधुनिक वातानुकूल यंत्र रचले, ते माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाईचे ठसे एकमेकांशी जुळत नसत. तो ओलावा काढण्यासाठी ते यंत्र जन्मास आले.

काचेवरील दव कधी कधी बाहेरच्या अंगालाही धरते. एसीचा अतिथंड वारा सतत काचेवर सोडला, तर काच गार पडते आणि पावसाळ्यातील दमट हवा बाहेरून तिच्यावर पाणी होऊन बसते. हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. वायपर एकदा फिरवावा. साय पुसली गेली तर ती बाहेरची, न गेली तर आतली. बाहेरची असेल तर काचेवरचा थंड वारा कमी करावा. आतली असेल तर कोरडी हवा काचेवर सोडावी आणि बाहेरच्या हवेची वाट उघडावी. ही दोन कामे एरवी क्षुल्लक वाटतात. घाटात, पावसात, वळणावर मात्र त्यांवर चार जिवांचा भार असतो.

गाडी पुन्हा निघण्यापूर्वी कन्येने आणखी एक प्रश्न विचारला. “बाबा, तुमच्या कारखान्यातसुद्धा सगळं पडद्यावरच असतं ना? मग तिथं घोटाळा होत नाही?”

“पडदे आहेत,” ते म्हणाले. “कोणत्या टाकीचं तापमान किती, दाब किती, हे पडद्यावर दिसतं. ते पाहायला माझ्याजवळ वेळ असतो, कारण मी खुर्चीवर बसलेला असतो. पण सगळं काही तत्काळ थांबवण्याचं लाल बटण पडद्यात नाही. ते तळहाताएवढं आहे आणि कायम एकाच जागी असतं. दिवे गेले, धूर झाला, तरी माझा हात तिथं बरोबर पोचतो.”

गृहस्थांच्या या उत्तरात एक मोठे तत्त्व दडलेले आहे. जगाने ते बरेच अनुभव घेऊन शिकले आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची ‘बी-१७’ नावाची बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर कोसळत. वैमानिक थकले असावेत किंवा निष्काळजी असावेत, असे प्रथम वाटले. अल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत जाऊन पाहिले. चाके आत घेण्याची कळ आणि पंखांच्या झडपा मिटण्याची कळ शेजारी शेजारी होत्या आणि दोन्ही सारख्याच दिसत होत्या. झडपा मिटावयास गेलेला वैमानिक चाकेच आत घेई. चापानिसने एका कळीवर लहानसे रबरी चाक आणि दुसरीवर पाचरीसारखा तुकडा बसविला. आता न पाहताही हाताला कळे की आपण काय धरले आहे. चूक माणसाची म्हणून गणली जात होती; ती मांडणीची निघाली. आजही मोठ्या विमानांत चाकांची कळ चाकाच्याच आकाराची असते.

मोटारीतील वातानुकूलनाचा इतिहासही असाच बोलका आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने एसी बसविलेल्या मोटारी विकावयास काढल्या. त्यांतील दाबयंत्र बंद करण्याची सोय चालकापाशी नव्हती. गारवा नको असेल तर गाडी थांबवून, इंजिनाचे झाकण उघडून पट्टा काढावा लागे. १९६४ साली कॅडिलॅक मोटारींत निवडलेले तापमान आपोआप राखणारी व्यवस्था आली. भारतात मात्र पुष्कळ वर्षे वाऱ्याची सोय याहून साधी होती. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाटच्या, म्हणजेच पुढील काळातील ‘प्रीमियर पद्मिनी’च्या, पुढील दारांना एक लहान त्रिकोणी काच असे. ती बोटाने ढकलली की वारा आत येई. तिच्यात गारवा नव्हता, हे खरे. परंतु ती कशी वापरावी, हे विचारण्यासाठी कोणाला पुस्तक उघडावे लागत नव्हते.

एकविसाव्या शतकात मोटारींतील खुंट्या व बटणे हळूहळू नाहीशी झाली आणि त्यांची जागा स्पर्शाच्या पडद्याने घेतली. याची कारणे उघड आहेत. अनेक बटणे, त्यांच्या तारा व जुळणी यांपेक्षा एक पडदा बसविणे कारखानदाराला सोयीचे पडते. पडद्यावरील सोयी पुढे बदलता येतात, वाढविता येतात. शिवाय मोकळी, चकचकीत फळी ग्राहकाच्या डोळ्यांत भरते. नकाशा पाहण्यासाठी आणि गाडी मागे घेताना मागचे दृश्य दिसण्यासाठी पडद्यासारखे साधन नाही. तेव्हा पडदा वाईट, असे कोणी म्हणू नये. दोष आहे तो सर्वच कामे त्याच्या गळ्यात घालण्याचा.

गुळगुळीत काचेला उंचवटा नसतो, खाच नसते, कडा नसते. बोटाला तेथे आपली जागा कळत नाही. त्यासाठी डोळा लागतो. आणि चालकाचा डोळा तर रस्त्याने आधीच मागून घेतलेला असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तीन सेकंद पडद्याकडे पाहणारा चालक तेवढे अंतर जणू डोळे मिटूनच कापतो.

२०२२ साली स्वीडनमधील ‘व्ही बिलेगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने याची परीक्षा घेतली. पडद्याच्या ११ नव्या मोटारी आणि बटणांची २००५ सालची एक जुनी व्होल्वो अशा गाड्या विमानाच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने चालविण्यात आल्या. आतील तापमान वाढविणे, रेडिओ लावणे, दिव्यांचा प्रकाश कमी करणे अशी साधी कामे चालकांना सांगितली होती. जुन्या गाडीत ती सारी १० सेकंदांत झाली. तेवढ्या वेळात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत त्याच कामांना सुमारे ४५ सेकंद लागले आणि गाडी १३७२ मीटर गेली. १७ वर्षांपूर्वीची गाडी या परीक्षेत पहिली आली!

समुद्रावरही असाच धडा मिळाला आणि त्याची किंमत फार मोठी होती. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही अमेरिकन युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० नाविक मृत्युमुखी पडले. चौकशीत प्रशिक्षणाच्या त्रुटींबरोबर सुकाणू व वेग यांचे नियंत्रण करणाऱ्या स्पर्शपडद्यांचा घोटाळाही पुढे आला. नियंत्रण कोणाच्या हाती आहे, हेच नाविकांना त्या क्षणी उमगले नव्हते. त्यानंतर २०१९ साली अमेरिकन नौदलाने वेगाच्या नियंत्रणासाठी पुन्हा हाताने धरावयाचे दांडे बसविण्याचे ठरविले. मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेनेही २०२६ पासूनच्या आपल्या परीक्षेत वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, कर्णा, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक यांसाठी स्वतंत्र कळा अथवा बटणे असण्याला महत्त्व दिले आहे. काही कारखानदारांनीही तापमानाची व वाऱ्याची बटणे परत आणण्यास आरंभ केला आहे.

या सर्वांचे सार एवढेच की, जे काम वारंवार करावे लागते किंवा अडचणीच्या क्षणी तत्काळ करावे लागते, त्याची खूण हाताला न पाहता सापडली पाहिजे. जे क्वचित करावयाचे आणि निवांतपणे करता येते, ते पडद्यात राहिले तरी बिघडत नाही. स्वयंपाकघरातील मिठाचा डबा आणि दिवाळीची मोठी कढई यांच्या जागा ठरविताना घरची स्त्री हेच तत्त्व पाळते. डबा हाताशी असतो आणि कढई माळ्यावर. सर्वच वस्तू माळ्यावर ठेवल्या, तर घर नीटनेटके दिसेल खरे. पण आमटी अळणी राहील.

त्या दिवशी ती मंडळी सावकाश गडावर पोचली. आजींनी भवानीपुढे हात जोडले तेव्हा त्यांचे ओठ नेहमीपेक्षा अधिक वेळ हलत होते. परतीच्या वाटेवर घाट उतरण्यापूर्वीच गृहस्थांनी काचेच्या हवेची सर्व मांडणी करून ठेवली आणि ओली छत्री पिशवीत बांधून मागे टाकली. शेजारी बसलेल्या पत्नीला त्यांनी पडद्यावरील पाने समजावून दिली. “काही लागलं तर तू बदल. मी रस्ता सोडणार नाही,” ते म्हणाले.

घरी पोचल्यावर सायंकाळी अंगणात एक गंमत चालली होती. गाडी उभी होती, गृहस्थ चाकापाशी डोळे मिटून बसले होते आणि कन्या परीक्षा घेत होती. “बाबा, धोक्याचे दिवे!” हात बरोबर पोचला. “वायपर!” तोही सापडला. “काचेवरचा वारा!” हात पुढे आला, गुळगुळीत काचेवर फिरला आणि थांबला. पुष्कळ वेळ चाचपूनही खूण सापडली नाही.

गृहस्थांनी डोळे उघडले. त्यांनी गाडीबरोबर मिळालेले जाड पुस्तक काढले आणि बापलेकींनी ते पहिल्या पानापासून वाचावयास घेतले. पुष्कळ पाने उलटल्यावर कन्येला एक ओळ सापडली. काच निवळण्याची आज्ञा सुकाणूच्या चाकावरील एका रिकाम्या बटणाला नेमून देता येत होती. तिने ते बटण नेमून दिले आणि त्यावर आजीच्या शिवणाच्या डब्यातील कापडाचा एक खरखरीत ठिपका चिकटविला.

“आता मिटा डोळे,” ती म्हणाली. “काचेवरचा वारा!”

अंगठा ठिपक्यावर टेकला आणि काचेकडे वारा सुरू झाला. बाहेर पाऊस पडतच होता.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे तीन-चार वाक्यांत लिहा.
(अ) घाटात मोटारीची काच आतून धूसर का झाली?
(आ) काचेवरील दव आतले की बाहेरचे, हे कसे ओळखावे?
(इ) चापानिसने विमानातील कळींमध्ये कोणता बदल केला व का?

२. कारणे द्या.
(अ) कॅरियरने छापखान्यासाठी वातानुकूल यंत्र तयार केले.
(आ) कारखान्यातील लाल बटण पडद्यात ठेवलेले नाही.

३. ‘चूक माणसाची म्हणून गणली जात होती; ती मांडणीची निघाली.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करून आपल्या घरातील किंवा शाळेतील एखादे उदाहरण द्या.

४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : अंगवळणी पडणे, गळ्यात घालणे, डोळ्यांत भरणे, मनाशी तोलणे.